स्लो कुकरमधला हॉपिन जॉन: चवळी दिवसभर, तांदूळ शेवटच्या तासाला

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की किराणा दुकानांत चवळीची चलती सुरू होते. एरवी खालच्या फळीवर पडून असलेली पाकिटं दर्शनी भागात येतात, शेजारी कोलार्डच्या हातभर पानांच्या जुड्या रचलेल्या असतात आणि मांसाच्या थंड कपाटात स्मोक्ड हॅम हॉकचा, म्हणजे धुरावलेल्या डुकराच्या पायाच्या तुकड्यांचा ढीग. १ जानेवारीला चवळी-भात खाल्ला की वर्ष बरकतीचं जातं, अशी तिथली समजूत. चवळी म्हणजे नाणी, कोलार्डची हिरवी भाजी म्हणजे नोटा आणि मक्याचा ब्रेड म्हणजे सोनं. या चवळी-भाताला म्हणतात हॉपिन जॉन.

अटलांटा, शार्लट, रॅली या तिथल्या शहरांकडे नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांत दोन वस्तू बहुतेक वेळा सापडतात. एक चवळीचं पाकीट, आणि दुसरा म्हणजे घर सोडून जाताना कुणीतरी देऊन गेलेला, खोक्यातून बाहेरही न काढलेला स्लो कुकर, म्हणजे तासन्‌तास सावकाश शिजवणारं विजेचं भांडं. या दोघांची गाठ घालून द्यावी म्हणून हा लेख.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. स्लो कुकर चवळीसाठी अव्वल आहे आणि भातासाठी जेमतेम. इंटरनेटवर कितीतरी पाककृती सांगतात की सगळं एकदम भांड्यात घाला आणि आठ तास विसरून जा. तसं केलंत तर संध्याकाळी झाकण उघडल्यावर चवळी घातलेली खळ हाती येईल. चवळीला दिवस द्या, तांदळाला शेवटचा तास द्या आणि मधे एकदा मापाचा कप हातात घ्या. जमण्या-फसण्याचा सगळा खेळ त्या कपात आहे.

पदार्थ आला कुठून

चवळी मूळची आफ्रिकेतली. पश्चिम आफ्रिकेत चवळी आणि भात एकत्र शिजवण्याची रीत जुनी आहे. घानात आजही रस्त्यावर मिळणारं ‘वाचे’ म्हणजे ज्वारीच्या पानांनी तांबूस झालेला चवळी-भातच. गुलाम करून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांबरोबर चवळी अमेरिकेत पोचली, आणि भातशेतीची जाणही. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या दलदली साफ करून, भरती-ओहोटीचा हिशेब ठेवून पाणी आत-बाहेर सोडायचं, ही भातखाचरं या लोकांच्या कसबावर आणि कष्टावर उभी राहिली. चार्ल्स्टन शहराची श्रीमंती त्यातून आली, राबणाऱ्यांच्या हाती मात्र त्यातलं काही लागलं नाही. त्यांच्या वंशजांना गल्ला गीची म्हणतात. २००६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतचा हा किनारपट्टा त्यांच्या सांस्कृतिक वारशाचा प्रदेश म्हणून जाहीर केला.

१ जानेवारीचं महत्त्वही नाण्या-नोटांपुरतं नाही. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री कृष्णवर्णीय लोक चर्चमध्ये जागत बसले होते, कारण दुसऱ्या दिवसापासून लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा लागू होणार होता. ‘वॉच नाइट’ची ती जागरणं कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आजही होतात. तुमच्या ऑफिसातल्या कुणी नव्या वर्षाच्या दिवशी घरी चवळी-भाताला बोलावलं तर त्यामागे हेही असू शकतं, एवढं ध्यानात असू द्या.

छापील कृती सापडते ती १८४७ ची, चार्ल्स्टनच्या सारा रटलेज यांच्या ‘द कॅरोलायना हाउसवाइफ’ या पुस्तकात. एक पिंट लाल चवळी, एक पिंट तांदूळ आणि एक पाउंड बेकन. चवळी अर्धी शिजली की बेकन घालायचं. ती पुरती शिजली की धुऊन, खडे काढून ठेवलेले तांदूळ. भात अर्धा तास उकळला की भांडं आगीवरून उतरवून निखाऱ्यांवर ठेवायचं, वाफ मुरू द्यायची. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीसुद्धा तांदूळ शेवटीच होता! तेव्हाची चवळी मात्र काळ्या डोळ्याची पांढरी नव्हती, छोटी तांबडी होती. चार्ल्स्टनकडचे जुन्या वळणाचे स्वयंपाकी आजही ‘सी आयलंड रेड पी’ नावाच्या त्याच चवळीचा आग्रह धरतात. तिने भात विटकरी रंगाचा होतो आणि चव जरा मातकट, गडद येते. ती ऑनलाइन मिळते, पण स्वस्त नाही. पहिल्या खेपेला साधी काळ्या डोळ्याचीच घ्या. भारतीय दुकानातली चवळी चालेल का? चालेल की, जात एकच. फक्त पाकिटावरची तारीख बघा, जुनी चवळी दिवसभर शिजूनही कडकच राहते.

यंत्राशी ओळख

स्लो कुकर जन्मला तोच कडधान्यांसाठी. अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाला त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळालं. कल्पनेचं मूळ होतं आईकडून ऐकलेल्या लिथुआनियातल्या आठवणींत. ज्यू घरांमध्ये शनिवारी चूल पेटवत नाहीत, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी बीन्स आणि मांसाचं भांडं गावच्या बेकरीच्या विझत्या भट्टीत ठेवून यायचं आणि दुसऱ्या दिवशी ते शिजलेलं आणायचं. नॅक्सनच्या यंत्राचं नावही ‘बीनरी’ होतं. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणलं. अमेरिकेत अजूनही पुष्कळ लोक कुठल्याही स्लो कुकरला क्रॉक-पॉटच म्हणतात.

आत असतं जड सिरॅमिकचं भांडं, भोवती कमी ताकदीची विजेची तार आणि वर काचेचं झाकण. प्रेशर नाही, शिट्टी नाही. ‘लो’ आणि ‘हाय’ यांचा अर्थ गॅसच्या बारीक-मोठ्या आचेसारखा लावू नका. बहुतेक कुकरमध्ये दोन्हीवर भांडं शेवटी उकळीच्या जवळ पोचतं, ‘हाय’वर लवकर आणि ‘लो’वर फार सावकाश. ‘वॉर्म’ हे शिजवण्यासाठी नाहीच, शिजलेलं गरम ठेवण्यासाठी आहे.

दोन सवयी मोडाव्या लागतात. एक, झाकण उघडून डावाने ढवळून बघायची. काचेच्या आतून वाफेचे थेंब ओघळून कडेला पाण्याची एक गोल रेघ तयार होते, तिनेच झाकण घट्ट बसतं. उघडलंत की ती मोडते आणि गेलेली उष्णता परत यायला वीसेक मिनिटं लागतात. दुसरी सवय म्हणजे ‘आटेल’ म्हणून थोडं जास्तच पाणी घालायची. इथे पाणी आटत नाही. जेवढं घालाल त्यातलं चवळी पिईल तेवढंच कमी होईल.

भांडं निम्म्याहून कमी भरलेलं नसावं आणि दोन तृतीयांशाच्या वर जाऊ नये. खाली दिलेलं माप ४ क्वार्टच्या, म्हणजे पावणेचार लिटरच्या कुकरला बरोबर बसतं. ६ क्वार्टचा असेल तर सगळं दीडपट करा. इन्स्टंट पॉटचा, म्हणजे विजेच्या प्रेशर कुकरचा स्लो कुकचा पर्याय वापरणार असाल तर त्याची उष्णता फक्त तळातून येते, त्यामुळे सर्वांत वरची पातळी निवडा आणि वेळ थोडा जास्त धरा. आणि इकडचा कुकर भारतात न्यायचा विचार असेल तर सोडून द्या. तो १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये पहिल्याच दिवशी जळेल.

काय काय लागेल

चार ते सहा जणांसाठी. कप म्हणजे इकडचा २४० मिलिलिटरचा, घरातली वाटी नव्हे.

- सुकी चवळी दीड कप
- स्मोक्ड हॅम हॉक एक मोठा, किंवा स्मोक्ड टर्कीचा पाय
- पाणी ६ कप
- मोठा कांदा १, बारीक चिरून
- सेलरीचा एक दांडा आणि अर्धी हिरवी ढोबळी मिरची, दोन्ही बारीक चिरून
- लसणीच्या ३ पाकळ्या ठेचून
- सुकं थाइम अर्धा छोटा चमचा, बे लीफ १, लाल मिरचीचे फ्लेक्स पाव छोटा चमचा
- लांब दाण्याचा तांदूळ दीड कप
- तेल किंवा बेकनची चरबी २ मोठे चमचे
- मीठ, मिरपूड, वरून घालायला कांद्याची पात आणि हॉट सॉस

हॅम हॉक म्हणजे डुकराच्या पायाचा घोट्याजवळचा भाग, खारवून धुरावलेला. त्यावर मांस थोडं, हाड आणि कातडं जास्त. पण पाण्याला अंग, धुराचा वास आणि मीठ हे तिन्ही तोच देतो. डुक्कर खात नसाल तर स्मोक्ड टर्की घ्या. दक्षिणेतल्या अनेक कृष्णवर्णीय घरांमध्ये आता तीच पडते, त्यामुळे आपण काही तडजोड करतोय असं वाटून घ्यायला नको. फ्रीझरमधलं मांस मात्र आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवा. गोठलेला गोळा स्लो कुकरमध्ये टाकला तर तो धोकादायक तापमानात फार वेळ रेंगाळतो.

बे लीफच्या जागी आपलं तमालपत्र नको. ते दालचिनीच्या नात्यातलं, त्याने भाताला पुलावाचा वास येतो.

सकाळचं काम

चवळी ताटात पसरून निवडा. अमेरिकन पाकिटातही अधूनमधून खडा निघतो. दोन पाण्यांनी धुवा. भिजवायची गरज नाही, हे पटायला आपल्याला जड जातं. रात्रभर भिजवलेली चवळी स्लो कुकरमध्ये लवकर फुटते, सालं सुटतात आणि पुढे भातात मिसळताना तिचा लगदा होतो. कोरडीच घातली की ती हळूहळू पाणी पीत जाते आणि दाणा अख्खा राहतो. मोड आणायचा मोह झाला तर उसळ करा, हॉपिन जॉन नको.

आता कढईत तेल किंवा चरबी तापवून कांदा, सेलरी, ढोबळी मिरची मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं परता. कांद्याच्या कडा सोनेरी झाल्या की लसूण, थाइम आणि मिरचीचे फ्लेक्स घालून अर्धा मिनिट हलवा. हे टाळू नका. स्लो कुकर काही परतून देत नाही, त्यात कच्चा घातलेला कांदा आठ तासांनीही उकडलेल्या कांद्यासारखाच लागतो. “यात फोडणी कुठाय गं?” असं फोनवर आईने विचारलंच तर ती हीच. कढईत अर्धा कप पाणी घालून तळाला चिकटलेलं खरवडून घ्या, तेही भांड्यात जाऊ द्या. हे पाणी ६ कपांतलंच.

कुकरच्या भांड्यात तळाला चवळी, तिच्यावर हॅम हॉक, मग परतलेला मसाला, बे लीफ आणि उरलेलं पाणी. पाणी कोमट ते गरम असावं. थंडगार सिरॅमिकमध्ये उकळतं पाणी ओतलं तर भांड्याला तडा जाऊ शकतो. चवळी पूर्ण बुडाली आहे ना बघा. मीठ आत्ता घालू नका. मिठाने चवळी शिजत नाही म्हणून नव्हे, तर हॉक किती खारट निघेल त्याचा नेम नसतो म्हणून. टोमॅटो, व्हिनेगर, लिंबू यांना मात्र खरोखरच आत्ता थारा नाही. आंबटाने साल घट्ट होतं आणि चवळी मऊ व्हायला फार वेळ घेते.

झाकण लावा. ‘लो’वर सहा ते सात तास, किंवा ‘हाय’वर तीन ते साडेतीन. सवयीने आदल्या रात्री भिजवून बसलाच असाल तर ‘लो’वर चार तासांनंतर लक्ष ठेवा. उशिरा सुरू होणारं टायमर काही कुकरना असतं, पण मांस घातलेलं भांडं बंद यंत्रात तासन्‌तास ठेवणं बरं नाही. सकाळी निघताना सुरूच करून जा, लावलेली वेळ संपली की बरीच यंत्रं स्वतःहून ‘वॉर्म’वर जातात. आपलं तसं जात नसेल तर सुट्टीच्या दिवशी करा.

शिजली की नाही

‘लो’वर सहा तासांनी, ‘हाय’वर तीन तासांनी पहिल्यांदा झाकण उघडा. एक दाणा चमच्यात घेऊन फुंकर मारा आणि अंगठा नि बोटात दाबा. अर्धवट शिजलेला दाणा दोन डाळिंब्यांत फुटतो आणि प्रत्येकीच्या मधोमध पांढरा पिठूळ ठिपका दिसतो. तो ठिपका दिसतोय तोवर थांबा. पूर्ण शिजलेला दाणा दाबल्यावर लोण्यासारखा पसरतो पण साल त्याला धरून असतं, आणि काळा डोळा आता तपकिरी झालेला असतो. एकाच दाण्यावर विसंबू नका. कडेचे दाणे मधल्यांच्या आधी शिजतात, म्हणून चार ठिकाणचे दाबून बघा. पुढे भाताबरोबर अजून तासभर त्यांना उष्णता मिळणार आहे, त्यामुळे अगदी गाळ होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

हॉक चिमट्याने ताटात काढा. कातडं आणि हाड सहज सुटून येतं. मांसाचे तंतू काट्याने वेगळे करा, चरबीचे पांढरे तुकडे टाकून द्या, बे लीफही काढा. मग पाण्याची चव बघा आणि तेव्हाच मीठ घाला. भात मीठ ओढून घेतो, म्हणून या क्षणी पाणी आपल्या जिभेला किंचित खारट लागायला हवं.

तांदळाचा तास

आता मापाचा कप. भांड्यावर गाळणी धरून चवळीचा कट शक्य तेवढा दुसऱ्या पातेल्यात काढा. साधारण चार कप निघतो, हॉक मोठा असेल तर थोडा अधिक. हा कट म्हणजे या पदार्थाचा जीव आहे, तपकिरी, धुराच्या वासाचा, बोटाला किंचित चिकट. चुकूनही सिंकमध्ये ओतू नका.

तांदूळ कुठला घ्यायचा त्यावर कट किती परत घालायचा हे ठरतं. जुना खानदानी तांदूळ म्हणजे ‘कॅरोलिना गोल्ड’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली भातशेती जवळजवळ संपली तसा तोही दिसेनासा झाला, आणि १९८० च्या दशकात पुन्हा लावला गेला. चव सुरेख, पण महाग आणि नाजूक. स्लो कुकरमध्ये तो घालणं म्हणजे त्याची माती करणं.

स्लो कुकरमध्येच भात करायचा असेल तर पार्बॉइल्ड, म्हणजे उकड्या जातीचा लांब दाण्याचा तांदूळ घ्या. कोकणातला जाड लाल उकडा नव्हे. त्याला पाणी आणि वेळ दोन्ही जास्त लागतं. अमेरिकन पार्बॉइल्ड तांदूळ पिवळसर, सडसडीत असतो आणि चुकीचं माप बराच सहन करतो, म्हणून नवशिक्यासाठी तोच उत्तम. इंद्रायणी आणि आंबेमोहोर घरच्या वरणभातासाठी राखून ठेवा, इथे त्यांचा गिचका होतो. बासमतीचा वास धुराशी भांडतो.

दीड कप पार्बॉइल्ड तांदळाला ३ कप कट. तो पातेल्यात उकळी येईपर्यंत तापवा, मग गरम चवळीवर ओता. भांडं आता तापलेलं असल्यामुळे तड्याची भीती नाही. तांदूळ वरून पसरून घाला, एकदाच हलक्या हाताने ढवळा आणि एकही दाणा कडेला कोरडा चिकटून राहिलेला नाही याची खात्री करा. कडेचा असा कोरडा दाणा शेवटपर्यंत कच्चा राहतो आणि नेमका पाहुण्याच्या घासात येतो. झाकणाखाली पेपर टॉवेलचे दोन पदर ताणून धरा म्हणजे वाफेचं पाणी भातावर ठिबकणार नाही. टोकं बाहेर लोंबू देऊ नका. ‘हाय’वर ४५ मिनिटं. त्यानंतरच उघडा. दाणा शिजला नसेल तर आणखी पंधरा मिनिटं द्या. मग यंत्र बंद करून, झाकण तसंच ठेवून दहा मिनिटं मुरू द्या आणि काट्याने मोकळा करा. हॉकचं मांस या वेळी मिसळा.

दुसरी रीत मला जास्त आवडते आणि पाहुणे असले की मी तीच करते. चवळी कुकरमध्ये ‘वॉर्म’वर ठेवायची आणि भात गॅसवर, जाड बुडाच्या पातेल्यात, चवळीच्या कटात शिजवायचा. यासाठी साधा लांब दाण्याचा पांढरा तांदूळ चालतो. तो पाणी नितळ होईपर्यंत धुऊन, निथळून घ्या. धुऊ नका असं पाकिटावर लिहिलेलं असतं ते वरून लावलेली जीवनसत्त्वं जाऊ नयेत म्हणून. भात सुटा हवा असेल तर धुवावाच लागतो. दीड कप तांदळाला सव्वादोन ते अडीच कप कट, उकळी आली की आच अगदी बारीक, झाकण घट्ट, सतरा-अठरा मिनिटं. गॅस बंद करून दहा मिनिटं वाफेवर. मग निथळलेली चवळी आणि मांस वरून घालून दोन काट्यांनी खालून वर उचलत मिसळा. दाणा न्‌ दाणा सुटा, रंग फिकट तपकिरी, चवळी अख्खी. राइस कुकर असेल तर त्यातही हेच माप चालतं. उरलेला कट वाटीत घेऊन जेवताना भातावर घाला.

मांस न खाणाऱ्यांसाठी

हॉक गेला की तीन गोष्टी जातात: धूर, चरबी आणि मीठ. तिन्ही वेगवेगळ्या मार्गाने परत आणायच्या. तेल २ ऐवजी ४ मोठे चमचे घ्या. कांदा परतताना एक छोटा चमचा स्मोक्ड पाप्रिका आणि मूठभर बारीक चिरलेले मशरूम घाला, मशरूमचं पाणी आटून ते तपकिरी होईपर्यंत परता. मीठ सुरुवातीलाच एक छोटा चमचा घातलं तरी चालेल. आणि शेवटी, भात मुरायला ठेवताना, धुंगार द्या. निखारा झालेला लाकडी कोळसा छोट्या वाटीत ठेवून ती भातावर ठेवायची, वर तुपाचे चार थेंब, आणि लगेच पाच मिनिटं झाकण. हे दक्षिणेतलं नाही, आपल्याकडचं आहे, पण हॉकची उणीव यानेच सर्वांत जास्त भरून निघते. घरात धुराचा अलार्म असेल तर खिडकी उघडून, किंवा बाल्कनीत करा. गोडा मसाला हाताशी असला तरी घालू नका. छान लागेल यात शंका नाही, पण ती उसळ-भात होईल.

चवळी संपली म्हणून राजमा घालायचा विचार आला तर थांबा. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते खळखळून उकळल्याशिवाय नष्ट होत नाही आणि स्लो कुकरच्या सौम्य उष्णतेत टिकून राहतं. राजमा आधी भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास उकळावाच लागतो. चवळीच्या बाबतीत ही भानगड नाही, म्हणून तर स्लो कुकर शिकायला तिच्यासारखं दुसरं कडधान्य नाही.

बिघडलं तर

सात तासांनीही चवळी कडक असेल तर ती जुनी आहे किंवा नळाचं पाणी जड आहे. चिमूटभर खाण्याचा सोडा घालून ‘हाय’वर आणखी तासभर ठेवा. चिमूटभरच. जास्त झाला तर साबणाची चव येते. भात पाणचट झाला तर झाकण काढून ‘हाय’वर पंधरा मिनिटं, न ढवळता. ढवळलंत की दाणे मोडून खळ होते. भात कच्चा आणि कट संपलेला असेल तर उकळत्या कटाचा किंवा पाण्याचा पाव कप कडेने सोडा. तुम्ही घरी नसताना वीज गेली आणि किती वेळ गेली होती ते कळत नसेल तर वास चांगला असला तरी सगळं टाकून द्या.

ताटात

भात खोलगट ताटलीत, वर कांद्याची पात. शेजारी कोलार्डची भाजी: मधले जाड देठ काढून, पानं चिरून, कांदा-लसणीवर परतून, थोड्या कटात झाकण ठेवून पाऊण ते एक तास शिजवायची आणि उतरताना एक चमचा व्हिनेगर. आपल्या पालेभाज्यांसारखी पाच मिनिटांत उतरवलीत तर चामड्यासारखी लागेल. मक्याचा ब्रेड हवाच. त्यात साखर घालावी की नाही यावर तिथली माणसं तावातावाने वाद घालतात, पाहुण्याने मधे पडू नये. आंबट-तिखट म्हणून हिरव्या मिरच्या मुरवलेलं व्हिनेगर किंवा लुइझियानाच्या पद्धतीचा हॉट सॉस. लोणचं घेतलंत तर कुणी अडवणार नाही, फक्त तेलकट कैरीच्या लोणच्यापेक्षा लिंबाचं या धुराशी जास्त जमतं.

उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, आणि कुकरच्या जड भांड्यासकट नव्हे, पसरट डब्यांत. सिरॅमिक तासन्‌तास ऊब धरून ठेवतं आणि शिळ्या भातातले जंतू याच उबेत वाढतात. गरमही स्लो कुकरमध्ये करू नका, तो फार सावकाश तापतो. दुसऱ्या दिवशीच्या या भाताला तिकडे ‘स्किपिन जेनी’ म्हणतात. लोखंडी तव्यावर थोडं तेल, भात पसरून दाबायचा, राखून ठेवलेल्या कटाचे दोन चमचे वरून शिंपडायचे आणि तळाला खरपूस पापुद्रा धरेपर्यंत हलवायचं नाही. आतपर्यंत वाफाळता गरम झाला पाहिजे. तीन-चार दिवसांत संपवा. जास्तच उरणार असं दिसलं तर नुसती चवळी कटासकट फ्रीझरमध्ये टाका, भात तेव्हाचा तेव्हा ताजा करता येतो.